सगळ्यांचं एकच उत्तर चुकलं

१

शाळेचा निकाल चांगला लागला, आणि म्हणूनच शाळेवर चौकशी बसली.

ऐकायला विचित्र वाटतं, पण परीक्षा विभागाचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं. शहराच्या मध्यभागी, उंच इमारतींच्या बेचक्यात अडकलेलं ते छोटं सरकारी हायस्कूल. मुलं मूठभर, निकाल वर्षानुवर्षं यथातथाच. पट घसरत चालला म्हणून शाळा बंद करून मुलं लांबच्या मोठ्या शाळेत धाडायचं जवळजवळ ठरलंच होतं. शेवटची संधी म्हणून विभागाने सांगितलं होतं, यंदा निकाल सुधारला तर शाळा राहील. आणि यंदा वरच्या वर्गाने विज्ञान-भूगोलाच्या पेपरात असे काही गुण उचलले, की शहरातल्या नावाजलेल्या शाळा डोळे चोळत बसल्या.

इथपर्यंत आनंदीआनंद. पण पेपर तपासणाऱ्याच्या लक्षात आलं, की एका अगदी सोप्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वर्गाने चुकवलंय. तेही सगळ्यांनी एकसारखंच. फक्त एका मुलीचं तेवढं बरोबर आहे.

"पेपर फुटला!" विभागाचे साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "कुणीतरी पोरांना तयार उत्तरं पुरवली. पुरवणाऱ्याचं एक चुकलं, म्हणून सगळ्यांचं चुकलं. त्या एका पोरीपर्यंत उत्तरं पोचली नाहीत. इतकं उघड आहे! जा, कोणी पुरवली ते शोधा. निकाल रद्द, शाळा बंद, विषय संपला."

हे ते ज्यांना सांगत होते, त्या बाईंना अख्खा विभाग चाळणीबाई म्हणत असे. कॉपीचं प्रकरण त्यांच्या हातात गेलं, की खडा खडा बाजूला निघायचाच. ऊन असो, पाऊस असो, काखेत काळी लांब छत्री, आणि नजर अशी की समोरचा न केलेलं पापही कबूल करून मोकळा व्हायचा. खरं सांगायचं तर त्यांना हे काम मनापासून आवडायचं.

त्यांनी प्रश्न वाचला. 'सकाळी हजेरीच्या वेळी तुमच्या शाळेच्या अंगणात काठी उभी केली, तर तिची सावली कोणत्या दिशेला पडेल? योग्य पर्यायावर खूण करा.'

"प्रश्न मी स्वतः काढलाय," साहेब छाती फुगवून म्हणाले. "पाठांतर नको, अनुभव हवा!"

उत्तर होतं पश्चिम. सूर्य पूर्वेला, म्हणजे सकाळची सावली पश्चिमेला. शेंबडं पोरही सांगेल. आणि या हुशार वर्गाने, एक मुलगी सोडून, ओळीने खूण केली होती पूर्वेवर.

"आणि हो," साहेबांनी बोट उगारलं, "कुठल्या प्रश्नावरून पकडलंय ते शाळेत कुणाला कळता कामा नये. कळलं की सगळे मिळून एकच गोष्ट रचतील."

"मला शिकवताय का साहेब?" असं म्हणत चाळणीबाईंनी छत्री उचलली. पण जिना उतरताना एक गोष्ट मात्र त्यांना टोचत राहिली. इतर सगळ्या अवघड प्रश्नांची उत्तरं बिनचूक देणारा माणूस हाच एवढा सोपा प्रश्न चुकेल कसा?

२

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या सुमारास त्या शाळेपाशी पोचल्या. रस्त्याच्या एका बाजूला शाळेचं फाटक, आणि बरोब्बर समोर एक नवीकोरी काचेची उंच इमारत, इतकी चकचकीत की चाळणीबाईंनी तिच्यात बघून केस सारखे करून घेतले. मग पाठ फिरवून त्या फाटकातून आत शिरल्या. छान कोवळं ऊन पाठीला लागत होतं. अंगणाच्या फरशीवर एक मोठं वर्तुळ रंगवलेलं होतं, चार बाजूंना पू, प, उ, द अशी अक्षरं, मध्ये एक भोक. पोरं त्यावरून उड्या मारत रांगेत जात होती. पलीकडे शाळेच्या मागे कुठल्याशा गोदामाची बिनखिडक्यांची भिंत आभाळापर्यंत गेलेली. शिपाईमामा तिच्या कडेला दोरी बांधून धुतलेली फडकी वाळत घालत होते. चाळणीबाईंच्या पुढे पुढे त्यांची सावली पायऱ्या चढली, आणि मागून त्या.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, तरी त्या अंगाने अगदीच चिमुकल्या होत्या. त्यांच्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती. चाळणीबाई खुर्चीत बसल्या आणि डोळे मिचकावू लागल्या, तशा मोठ्या बाईंनी उठून पडदा ओढला.

"सकाळी या खोलीत हे असंच," त्या म्हणाल्या. "चहा घेणार? घ्याच. फाशी देणाऱ्यालाही आम्ही चहा देतो."

चाळणीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "पट इतका घसरला कशाने?"

"समोरच्या बांधकामाने. गेली काही वर्षं नुसती धूळ आणि ठोकाठोकी. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं काढून दुसरीकडे घातली. ज्यांना दुसरीकडे कुणी घेत नाही, ती आमच्याकडे राहिली. कुणाचे आईबाप कामासाठी कुठून कुठून आलेले, कुणी वर्षाच्या मध्येच आलेलं. एकेका वर्गात इतक्या भाषा, की एकाने दुसऱ्याला शिवी दिली तर आधी अर्थ समजावून सांगावा लागतो."  मग सरळच म्हणाल्या, "बाई, लांबच्या शाळेत ही मुलं जाणार नाहीत. निम्मी घरी बसतील. मला ठाऊक आहे, नावानिशी ठाऊक आहे. तुम्ही हवं ते तपासा, पण नीट तपासा."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपरांचं पाकीट कुठे होतं?"

"या कपाटात. कुलपात."

"किल्ली?"

मोठ्या बाईंनी पदराशी चाळा केला. "माझ्या हातून किल्ल्या हरवतात हो. म्हणून ती अंगणवाल्या सरांकडे असते."

"अंगणवाले सर म्हणजे?"

"विज्ञान-भूगोल शिकवतात ते."

चाळणीबाईंनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. ज्या विषयाचा पेपर फुटला, त्याच विषयाच्या मास्तरकडे कपाटाची किल्ली होती.

३

अंगणवाले सर तरणेबांड, दाढी वाढलेले, शर्टाच्या कोपरांना खडू लागलेला. त्यांना अंगणवाले म्हणत, कारण ते वर्गात फारसे सापडतच नसत.

"पाकीट सीलबंद होतं, तसंच उघडलं. सगळ्यांसमोर," ते बिनधास्त म्हणाले. "मी कशाला फोडू? पेपर बघून मलाच राग आला. किती सोपा काढलाय!"

"मग इतकी वर्षं जमलं नाही ते यंदाच कसं जमलं?"

"इतकी वर्षं मी बोलत होतो," सर म्हणाले. "यंदा गप्प बसलो. पुस्तकातली वाक्यं निम्म्या पोरांना कळायचीच नाहीत. मग म्हटलं, मरू दे ते पुस्तक! पाणी उकळायचंय? उकळा. दिशा शिकायच्यात? अंगणात रंगवा. रोज हजेरीला काहीतरी बघायचं, मोजायचं आणि ज्याला कळलं त्याने शेजारच्याला आपल्या भाषेत सांगायचं. एकदा डोळ्यांनी बघितलेलं पोरं विसरत नाहीत."

चाळणीबाईंना माणूस आवडला, आणि त्याचाच त्यांना संताप आला. आवडणारी माणसं त्यांनी यापूर्वीही पकडली होती. सरांना घेऊन त्या वर्गात गेल्या आणि त्यांनी मोर्चा वळवला त्या एका मुलीकडे, जिचं उत्तर बरोबर होतं.

वर्गात तिला घाईबाई म्हणत, कारण ती रोज उशिरा यायची आणि रोज धापा टाकत यायची. धाकट्या भावाला पाळणाघरात सोडून यावं लागे, आणि पाळणाघराचं दार उघडायचं शाळेची हजेरी सुरू व्हायच्या वेळेला. मग पोरगी तिथून धावत सुटायची. तिचा भूगोल जेमतेमच होता.

"परीक्षेच्या दिवशीही उशीर झाला होता का गं?"

"झाला ना! पेपर वाटत होते तेव्हा पोचले." घाईबाईने ओठ काढले. "बाकी सगळ्यांना सरांनी आधीच अंगणात बोलावलं होतं. सगळ्यांना दिलं आणि मी पोचेपर्यंत संपलं. मला काहीच नाही मिळालं!"

चाळणीबाईंच्या हातातली छत्री ताठ झाली. "काय दिलं?"

पोरगी सरांकडे बघते, जमिनीकडे बघते.

"घाबरू नकोस. काय दिलं सरांनी अंगणात?"

"सांगू नको म्हणालेत," ती पुटपुटली.

४

"पेपरमिंट!" अंगणवाले सर कपाळाला हात लावून ओरडले. "अहो, पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या. शाळेत गोड आणायला बंदी आहे, आणि बंदी मोठ्या बाईंची आहे, म्हणून सांगू नको म्हटलं. ही बया नेमकी तुम्हालाच सांगणार!"

"मला मिळाली नाही म्हणून सांगितलं," घाईबाई ठसक्यात म्हणाली.

सगळा वर्ग खो खो हसला. चाळणीबाई हसल्या नाहीत. गोळ्या दिल्या असतील, पण गोळीच्या कागदात दुसरं काही नव्हतं कशावरून? किल्ली त्याच्याकडे, पोरं त्याच्यासमोर, आणि उशिरा आलेल्या एकटीचं उत्तर वेगळं. सगळं साहेबांच्या म्हणण्यावर चपखल बसत होतं. नको इतकं चपखल बसत होतं.

दुपारी त्या अंगणात एकट्याच फिरल्या. वर्तुळाच्या मधल्या भोकात त्यांनी छत्री उभी करून पाहिली. ऊन डोक्यावर होतं, सावली बुडख्याशी गोळा झालेली. यातून काही निघेना. संध्याकाळी घरी त्यांनी अहवाल लिहायला घेतला, सरांचं नाव लिहायची वेळ आली आणि पेन खाली ठेवला. 'नीट तपासा,' असं ती चिमुकली मुख्याध्यापिका म्हणाली होती. चाळणीला भोकं मोठी झाली की काय, असं त्या स्वतःशीच चरफडल्या.

दुसऱ्या दिवशी अहवाल द्यायचा होता. तरी जाता जाता शेवटचं बघून जावं म्हणून त्या सकाळी हजेरीला पुन्हा शाळेत आल्या. फाटकातून आत शिरल्या, पाठीला कोवळं ऊन लागलं, सावली पुढे पडली. त्या वर्तुळापाशी आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

त्यांच्या सावलीचं डोकं एका अक्षरावर पडलं होतं. त्यांनी अक्षर वाचलं. मग मागे वळून पाहिलं. मग पुन्हा अक्षर वाचलं. रांगेतली पोरं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे बघत होती, आणि शाळेचा निकाल रद्द करायला आलेल्या बाई भर अंगणात एकट्याच हसत सुटल्या होत्या.

"बाई, बरं वाटतंय ना?" शिपाईमामांनी लांबूनच विचारलं.

"मामा, इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं!"

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, आज अहवाल मिळणार नाही. उद्या सकाळी हजेरीला तुम्ही स्वतः शाळेत या. गुन्हेगार सापडलाय."

"सापडला? कोण? तो मास्तरच ना?"

"नाही. गुन्हेगार बराच उंच आहे," चाळणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

५

सकाळी आभाळ भरून आलेलं. चाळणीबाई घरून निघाल्या तेव्हापासून मान वर करून ढगांना शिव्या घालत होत्या. साहेबांची गाडी फाटकाशी थांबली, तरी अंगणात उन्हाचा कवडसा नव्हता. मुलं रांगेत, मोठ्या बाई पायरीवर, चेहरा पांढराफटक. अंगणवाले सर हाताची घडी घालून उभे.

"हं, दाखवा तुमचा गुन्हेगार," साहेब म्हणाले.

"थोडं थांबावं लागेल."

"कशासाठी?"

"तो ढगात आहे."

साहेबांनी चाळणीबाईंकडे असं पाहिलं, की आता यांना रजा द्यायला हवी. बाईंनी छत्री वर्तुळाच्या भोकात उभी केली आणि बाजूला झाल्या.  मोठ्या बाई पदराचं टोक पिळत राहिल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, बिचाऱ्यांना. साहेब घड्याळ बघून वळणार, इतक्यात ढग सरकला आणि अंगण लख्ख उजळलं.

"साहेब, तुमचा प्रश्न आता मोठ्याने वाचा," चाळणीबाई म्हणाल्या. "एकही शब्द न गाळता."

साहेबांनी खाकरून वाचलं. "'सकाळी हजेरीच्या वेळी तुमच्या शाळेच्या अंगणात काठी उभी केली, तर तिची सावली कोणत्या दिशेला...'"

"पूर्वेला!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेबांनी खाली पाहिलं. छत्रीची लांब काळी सावली 'पू' या अक्षरावर निवांत पडली होती. शेजारी त्यांची स्वतःची सावली, पोटासकट, तिकडेच.

"हे वर्तुळ उलटं रंगवलंय!" ते म्हणाले.

"बिलकूल नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "रस्ता पश्चिमेला, गोदाम पूर्वेला, काल होकायंत्र लावून बघितलं. आता असं बघा. सूर्य उगवतो पूर्वेलाच, पण तिकडे ही गोदामाची भिंत. या वेळी अंगणात त्याचा किरण यायची सोय नाही. तो जातो भिंतीवरून पलीकडे, थेट त्या उंच इमारतीच्या काचांवर. आणि काच तो उचलून फेकते खाली, या अंगणात. म्हणून इथे सकाळचं ऊन पश्चिमेकडून येतं. मोठ्या बाईंना रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा सकाळीच ओढावा लागतो. मामा फडकी पूर्वेच्या भिंतीला वाळत घालतात, कारण ऊन तिथवर पोचतं. मीच पहिल्या दिवशी पाठीला ऊन घेत आत आले, माझी सावली माझ्याआधी पायऱ्या चढली, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. वर्षभर रोज डोळ्यांनी बघणाऱ्या या पोरांनी खोटं कसं लिहावं? तुम्हीच विचारलंत, 'तुमच्या शाळेच्या अंगणात'. तुम्हाला अनुभव हवा होता ना? घ्या अनुभव!"

साहेबांनी मान वर करून काचेच्या इमारतीकडे पाहिलं आणि झटकन डोळे मिटले.

"पण मास्तर," ते सरांकडे वळले, "तुम्ही आधी का नाही बोललात?"

"कुठल्या प्रश्नावरून पकडलंय ते कुणी सांगितलं का मला?" सर म्हणाले. "अहो, काच ऊन कशी फेकते, त्याचा कोन पोरांनी खडूने आखून मोजलाय. पेपरात हा प्रश्न बघून आम्ही म्हटलं, बघा, साहेब आपली शाळा बघून गेलेले दिसतात!"

आता साहेब मनाने वाईट नव्हते, एवढं मान्य केलं पाहिजे. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी पाय उचलून पाहिला, सावलीनेही उचलला, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "म्हणजे यांचे गुण कमी नाही, वाढणार!" ते म्हणाले. "मोठ्या बाई, निकाल कायम. शाळा कायम. मी आजच सही करतो."

अंगणात असा काही गोंगाट उठला की समोरच्या काचांतून माणसं डोकावू लागली. इतक्या भाषांमधून ओरडणं एकाच वेळी ऐकायची चाळणीबाईंची ही पहिलीच वेळ. मोठ्या बाईंना ओरडणं जमलं नाही. त्या पायरीवर मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "सर, त्या तुमच्या गोळ्या आणा आता. सगळ्यांना द्या."

पुष्कळ वेळ हा धुमाकूळ चालला. सूर्य वर चढत होता याचं कुणाला भानही नव्हतं. एवढ्यात फाटकातून धापा टाकत घाईबाई आत आली, दप्तर एका खांद्यावरून लोंबतंय, वेणी सुटलेली.

"काय झालं? माझं काही राहिलं का?"

"ही घे गोळी," सर म्हणाले. "शाळा वाचली. पण तुझा एक गुण गेला गं. सावली पूर्वेला पडते, तू म्हणे पश्चिमेला लिहिलंस."

"मी बघूनच लिहिलं होतं!" घाईबाई उसळली. "रोज इथूनच तर धावत जाते मी!" तिने दप्तर टाकलं आणि ताडताड वर्तुळात जाऊन उभी राहिली. "बघा!"

सगळ्यांनी पाहिलं. एव्हाना सूर्य गोदामाच्या भिंतीवरून डोकावला होता. थेट ऊन अंगणात उतरलं होतं, आणि घाईबाईची सावली सरळ 'प' वर पडली होती.

"पण प्रश्नात हजेरीची वेळ म्हटलंय," साहेब हसत म्हणाले.

"मग? माझी हजेरी मी आल्यावरच मांडतात ना?"

साहेबांनी चाळणीबाईंकडे पाहिलं. चाळणीबाईंनी छत्री काखेत मारली, घाईबाईची सावली नीट निरखून पाहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका चौकशीत कुणालाही न पकडता निकाल दिला.

"साहेब, हिचंही बरोबर."